लॅपटॉपसाठी मोबाइल इंटरनेट : हॉटस्पॉट, केबल, पॉकेट राउटर आणि एअरफायबर यांचा वापरानंतरचा आढावा

लॅपटॉपला मोबाइलचे नेट कसे जोडावे, असे कोणी विचारले की विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एखादे यंत्र असते. डोंगल घ्यावे, पॉकेट राउटर घ्यावा, की फोनचा हॉटस्पॉटच पुरेल, एवढेच त्याला ठरवायचे असते. माझा व्यवसाय हिशेब आणि जीएसटी विवरणपत्रांचा आहे. वर्षातला बराच काळ मी पुण्यात असतो, परंतु आई-वडील संगमेश्वर तालुक्यात राहत असल्यामुळे पावसाळ्यातले आणि सणावारांचे दिवस गावच्या घरात जातात, आणि जीएसटीआर-१ची ११ तारीख किंवा ३बीची २० तारीख गणपती आले म्हणून पुढे जात नाही. त्यामुळे या सर्व सोयी मी शहरात, गावात आणि प्रवासात कामासाठी वापरल्या आहेत, आणि त्यातून माझे मत असे झाले आहे की यंत्राची निवड ही तिसरी पायरी आहे. आपण जिथे बसतो तिथे कोणत्या कंपनीची रेंज खरोखर पोहोचते, ही पहिली, आणि त्या घरात ती रेंज नेमकी कुठे मिळते, ही दुसरी. या दोन पायऱ्या गाळून घेतलेले महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते, आणि त्या नीट पार पाडल्या तर पुष्कळदा नवे काही विकत घ्यावेच लागत नाही.

रेंज म्हणून फोनवर दिसणाऱ्या काड्यांवर विसंबू नये, कारण किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन आपापल्या पद्धतीने ठरवतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ आणि त्यात ‘सिम स्टेटस’ उघडले की सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* हा क्रमांक डायल केल्यावर फील्ड टेस्टचा पडदा येतो. हा आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीमध्ये उणे ८५ ते ९५च्या आसपास काम निर्धास्त चालते, उणे १०५च्या पुढे व्हिडिओ बैठक अडखळू लागते आणि उणे ११५ला पोर्टलचे साधे पानही उघडेल की नाही याची खात्री नसते. हे मोजमाप लॉगॅरिथमिक आहे, म्हणजे दर १० डीबीला सिग्नलची शक्ती दहापट बदलते. आमच्या घरातला अनुभव सांगतो. भिंती जांभ्या दगडाच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. माजघरात फोन उणे ११२ दाखवतो आणि माळ्यावरच्या पूर्वेकडच्या खिडकीत तोच फोन, तेच सिमकार्ड उणे ९४. फरक १८ डीबीचा, म्हणजे साठपटींहून अधिक शक्तीचा. बाजारातले कोणतेही पॉकेट यंत्र माजघरात बसून हा फरक भरून काढू शकत नाही. ते जिन्याने वर न्यावे लागते.

कंपनी निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दूरसंचार खात्याच्या विभागणीत मुंबई हे स्वतंत्र सर्कल आहे आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे. स्पेक्ट्रमचे लिलाव सर्कलनिहाय होतात, त्यामुळे मुंबईत उत्तम चालणारी कंपनी देवरुखला किंवा पेडण्याला तशीच चालेल असे गृहीत धरता येत नाही. त्यातही कोणत्या फ्रिक्वेन्सीवर सेवा मिळते याला फार महत्त्व आहे. जिओ फोरजीसाठी १८०० मेगाहर्ट्‌झ, ८५० मेगाहर्ट्‌झ आणि २३०० मेगाहर्ट्‌झ अशा तीन पट्ट्या वापरते. त्यांना अनुक्रमे बँड ३, बँड ५ आणि बँड ४० म्हणतात. २३००ची पट्टी रुंद असल्याने वेग देते, पण डोंगर आडवा आला किंवा जाड भिंत लागली की तिचा जोर ओसरतो. ८५० वेगाने कमी, पण दूर पोहोचते आणि घरात शिरते. बीएसएनएलचे फोरजी ७०० मेगाहर्ट्‌झवरही आहे आणि जिओचे फाइव्हजीही या पट्टीवर आहे, तिथे हाच न्याय लागू होतो. सह्याद्रीच्या उतारावरच्या वाड्यांमध्ये पुष्कळदा फक्त ही खालची पट्टीच पोहोचते.

त्यामुळे नंबर पोर्ट करण्याची घाई करू नये. पोर्ट केल्यावर ९० दिवस त्या कंपनीतून पुन्हा बाहेर पडता येत नाही. त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचे एक प्रीपेड सिमकार्ड घेऊन २८ दिवसांचा पॅक मारावा आणि सकाळी, दुपारी, रात्री आठनंतर अशा वेगवेगळ्या वेळी वेग तपासावा. रात्रीच्या जेवणानंतर सारा गाव मोबाइलवर असतो; सकाळी चाळीस मेगाबिट देणारा टॉवर तेव्हा तीनवर येतो. तपासताना डाउनलोडइतकेच अपलोडकडेही पाहावे, कारण व्हिडिओ बैठकीत आपला आवाज तुटतो तो अपलोडमुळे. टॉवर मोठ्या ताकदीने आपल्याला ऐकवू शकतो, पण आपल्या फोनला उत्तर देण्यासाठी कमाल २०० मिलिवॉटचीच मुभा असते, म्हणून दुबळ्या रेंजमध्ये आधी अपलोड कोलमडते आणि समोरच्याचे सर्व ऐकू येत असताना आपले मात्र कोणालाच ऐकू जात नाही.

एवढे झाल्यावर यंत्रांकडे वळावे. फोनचा वायफाय हॉटस्पॉट ही सर्वांच्या हाताशी असलेली सोय आहे आणि तास-दीड तासाच्या कामाला तिच्यात काही उणे नाही. ज्यांचे काम ईमेल, बँकेचे व्यवहार आणि अधूनमधून एखादी फाइल पाठवणे एवढेच आहे, त्यांनी यापुढे जाण्याचे कारणच नाही. अडचण दिवसभराच्या कामात येते. हॉटस्पॉटवर फोन दोन रेडिओ एकाच वेळी चालवतो, एक टॉवरशी बोलणारा आणि दुसरा लॅपटॉपशी बोलणारा. त्यात चार्जर लावलेला असेल तर उष्णतेची तिसरी भर पडते. मे महिन्यात, पंख्याखालीसुद्धा, फोन हाताला चटका लागेल इतका तापतो आणि मग स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो. ॲपल आपल्या फोनसाठी ३५ अंश सेल्सिअसपर्यंतचे सभोवतालचे तापमान योग्य मानते; विदर्भात किंवा मराठवाड्यात उन्हाळ्यातली दुपार घरातसुद्धा ही मर्यादा ओलांडते. दिवसाचे सात-आठ तास असा वापर केल्यास फोनच्या बॅटरीचे आयुष्य घटते, हा खर्च कोणी हिशेबात धरत नाही, तो धरायला हवा.

हॉटस्पॉटची दुसरी अडचण फोन कॉलची आहे आणि ती दोन सिमकार्डे वापरणाऱ्यांना जास्त छळते. बहुतेक दोन-सिम फोनमध्ये एका सिमवर बोलणे चालू झाले की दुसऱ्या सिमचा डेटा थांबतो. म्हणजे डेटा एका कंपनीचा आणि घरचा नंबर दुसऱ्या कंपनीचा असेल, तर मावशीचा फोन आला की इकडे बैठक बंद पडते. काही फोनमध्ये कॉलपुरता डेटा दुसऱ्या सिमवर वळवण्याची सोय सेटिंग्जमध्ये असते. ती आहे का हे पाहून चालू करावी. आयफोन १२ किंवा त्यानंतरचा फोन असेल आणि जुना लॅपटॉप हॉटस्पॉट शोधतच नसेल, तर हॉटस्पॉटच्या पानावरील ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ हे बटण सुरू करावे. त्याने हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्‌झवर येतो आणि जुनी यंत्रे त्याला ओळखतात.

याच फोनला साधी यूएसबी केबल लावून टेदरिंग केले, म्हणजे फोनचे नेट केबलमधून लॅपटॉपला दिले, तर वरच्या निम्म्या तक्रारी मिटतात, आणि तरीही ही पद्धत फार थोडे लोक वापरतात याचे मला आश्चर्य वाटते. फोनचा वायफाय रेडिओ बंद राहतो, उष्णता कमी होते, फोन लॅपटॉपवरून चार्जही होत राहतो, आणि वायफायमधला चढउतार नाहीसा झाल्याने बैठकीत आवाज स्थिर राहतो. इमारतीत शेजाऱ्यांचे वीस-पंचवीस वायफाय एकमेकांवर आदळत असतील, अशा पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये हा फरक लगेच जाणवतो. फक्त केबल डेटा नेणारी असली पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या कितीतरी स्वस्त केबल केवळ चार्जिंगच्या असतात. त्या लावल्या की फोनमध्ये टेदरिंगचे बटण फिकटच राहते आणि माणूस फोनला दोष देत बसतो. विंडोजवर अँड्रॉइड फोन जोडला की बहुधा काहीच बसवावे लागत नाही. आयफोनसाठी ॲपलचे आयट्यून्स किंवा ‘ॲपल डिव्हायसेस’ हे ॲप लागते. मॅकबुक आणि अँड्रॉइड या जोडीची मात्र खात्री देता येत नाही, कारण अनेक अँड्रॉइड फोन टेदरिंगसाठी जी जुनी पद्धत वापरतात ती मॅकला मुळातून समजत नाही. मॅकबुक असणाऱ्यांनी आयफोन जोडावा किंवा सरळ वायफाय वापरावे.

केबलची मर्यादा उघड आहे. फोन लॅपटॉपशेजारी राहतो, आणि रेंज माळ्यावर व टेबल माजघरात असेल तर ती काही कामाची नाही. ब्लूटूथ टेदरिंगचा उल्लेख येथे केवळ पूर्णतेसाठी करतो. ते बॅटरी वाचवते, पण वेग एक-दोन मेगाबिटच्या पुढे जात नाही, म्हणून प्रवासात ईमेल पाहण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही.

डोंगलबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण अजूनही अनेक घरांच्या खणात एखादे पांढरे डोंगल पडलेले असते आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात ती दोन-तीनशे रुपयांना विकायलाही असतात. टाटा फोटॉन, रिलायन्स नेटकनेक्ट, एमटीएस एमब्लेझ या सीडीएमए नावाच्या जुन्या मोबाइल तंत्रज्ञानावर चालणाऱ्या सेवा होत्या आणि त्यांच्या काळात त्यांनी शहराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा बऱ्यापैकी वेगाचे नेट दिले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती सर्व जाळी आता बंद आहेत. टाटाचा ग्राहकांचा मोबाइल व्यवसाय २०१९मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाला, एमटीएस त्याआधीच रिलायन्स कम्युनिकेशन्समध्ये गेली आणि त्या कंपनीने स्वतःची मोबाइल सेवा थांबवली. थ्रीजीची डोंगलेही त्याच वाटेने गेली, कारण एअरटेलने देशभरातले थ्रीजी २०२०मध्येच बंद केले. म्हणून फोरजी असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर डोंगल फुकटही घेऊ नये. फोरजीचे डोंगल घ्यायचेच असेल तर ते एखाद्याच कंपनीला लॉक केलेले नाही ना, हे दुकानात आपले सिमकार्ड घालून पाहावे. मला स्वतःला ही रचनाच पसंत नाही. लॅपटॉपला चिकटून बसणारे आणि लॅपटॉपच्याच बॅटरीवर जगणारे यंत्र रेंज नसलेल्या टेबलावरच बसून राहते. यूएसबी एक्स्टेन्शनची मीटरभर केबल लावून ते खिडकीकडे सरकवता येते, एवढाच काय तो दिलासा.

पॉकेट राउटर, म्हणजे बॅटरी असलेला, खिशात मावणारा आणि सिमकार्डावरून वायफाय देणारा छोटा डबा, ही गावातून काम करणाऱ्यासाठी माझ्या मते सर्वांत उपयुक्त वस्तू आहे. आपल्याकडे जिओफाय या नावाने ती घरोघरी ओळखीची झाली. जिओची सेवा सप्टेंबर २०१६मध्ये सुरू झाली, तेव्हा ज्यांच्याकडे फोरजी फोन नव्हते त्यांनीही या डब्यामुळे ते नेट वापरले. आमच्या घरी जिओफायच आहे. त्याचे मागचे झाकण नखाने उघडते, आत बॅटरी काढता येते, आणि हे वैशिष्ट्य आज दुर्मीळ झाले आहे. सकाळी उठल्यावर तो माळ्याच्या खिडकीत, गजांना टेकवून, प्लास्टिकच्या डब्यात ठेवला जातो, कारण आषाढात कौलांमधून उडणारे तुषार तिथवर येतात. खाली ओटीवर लॅपटॉपवर जिओफायचे स्वतःचे पान उघडले की सिग्नल आणि बॅटरी दोन्ही दिसतात. डबा खिडकीत हातभर डावीकडे सरकवला की आकडा चार-पाच डीबीने सुधारतो आणि उजवीकडे नेला की माडाआड जाऊन पडतो, हे त्या पानामुळे समजले. टॉवर कोणत्या दिशेला आहे हे गावात सर्वांना ठाऊक असते, पण सर्वोत्तम जागा पुष्कळदा त्या दिशेची नसून समोरच्या डोंगरावरून परत येणाऱ्या सिग्नलची असते, म्हणून अंदाजापेक्षा आकड्यावर विश्वास ठेवावा.

या डब्याची ताकद त्याच्या वेगात नाही. तांत्रिकदृष्ट्या तो कॅटेगरी ४चा आहे, म्हणजे कागदावर १५० मेगाबिट डाउनलोड आणि ५० अपलोड, आणि प्रत्यक्षात गावात त्याचा एक लहानसा भाग मिळतो. आजचा मध्यम किमतीचा फोनसुद्धा एकाहून अधिक बँड एकत्र जोडून याहून वेगवान चालतो. डब्याचा फायदा असा की रेंज जिथे आहे तिथे तो दिवसभर एकटा राहू शकतो, फोन माझ्या खिशात राहतो, कॉल आला तरी बैठक तुटत नाही, आणि आई-वडिलांनाही त्याच वायफायवर नातवंडांशी बोलता येते. तो २.४ गिगाहर्ट्‌झवर वायफाय देतो, यावर शहरी समीक्षक नाक मुरडतात. जांभ्याच्या भिंतीतून खाली ओटीपर्यंत ५ गिगाहर्ट्‌झ पोहोचलेच नसते, त्यामुळे आमच्या घराला तेच सोयीचे आहे.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात आणि त्यांतली पहिली सर्वाधिक दुर्लक्षित आहे. परदेशातला भाऊ किंवा भाचा सुटीवर येताना चांगल्या कंपनीचा पॉकेट राउटर घेऊन येतो आणि तो पुण्यात छान चालतो, पण गावी गेल्यावर ‘नो सर्व्हिस’ दाखवतो. कारण साधे आहे. युरोपात लांब पल्ल्यासाठी ८०० मेगाहर्ट्‌झचा बँड २० वापरतात, तेव्हा तिथल्या बाजारासाठी केलेल्या अनेक यंत्रांमध्ये आपला बँड ५ नसतोच. पुण्यात त्याला बँड ३ किंवा ४० मिळतो म्हणून ते चालते. खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर ‘सपोर्टेड बँड्स’ची ओळ असते. जिओसाठी ३, ५ आणि ४०, तर बीएसएनएलसाठी २८ (म्हणजे ७०० मेगाहर्ट्‌झ) त्या ओळीत आहे का, हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरी गोष्ट लॉकची. कंपनीच्या नावाने विकला जाणारा डबा बहुधा त्याच कंपनीचे सिमकार्ड स्वीकारतो. जिओफाय जिओपुरता आहे. दोन कंपन्यांमध्ये अदलाबदल करण्याची गरज असेल तर टीपी-लिंकसारख्या स्वतंत्र उत्पादकाचा अनलॉक राउटर घ्यावा. तिसरी गोष्ट बॅटरीची. टीपी-लिंकच्या एम७२०० या छोट्या राउटरची बॅटरी २००० मिलिॲम्पिअर-तासांची आहे आणि उत्पादक आठ तासांचा दावा करतो, परंतु दुबळ्या रेंजमध्ये कोणताही डबा टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी जास्त शक्ती खर्च करतो, म्हणून अशा दाव्यातून तिसरा हिस्सा वजा करून हिशेब करावा. आणि डबा चोवीस तास चार्जरला लावून ठेवू नये. बॅटरी फुगते, झाकण वर येते, आणि तशा अवस्थेतला डबा वापरणे धोक्याचे आहे.

येथे डेटाच्या पॅकचा विषय आलाच पाहिजे, कारण पॉकेट राउटर घेणाऱ्यांची सर्वांत मोठी निराशा त्यातून होते. फोनवर अमर्याद फाइव्हजी मिळते, मग तेच सिमकार्ड डब्यात घालावे, असा विचार स्वाभाविक आहे. परंतु ती सवलत फाइव्हजी जाळ्यावर चालणाऱ्या वापरापुरतीच असते, आणि फोरजीच्या डब्यात घातलेले सिमकार्ड फोरजीवरच चालते. म्हणजे दिवसाला दीड किंवा दोन जीबीची मर्यादा तिथे लागू राहते. जुलै २०२४च्या दरवाढीनंतर जिओने अमर्याद फाइव्हजी दिवसाला २ जीबी आणि त्याहून मोठ्या पॅकपुरते ठेवले, हेही लक्षात असावे. घराजवळ फाइव्हजीचा टॉवर असेल तर फाइव्हजी फोन आणि यूएसबी केबल ही जोडी पॉकेट राउटरपेक्षा वेगात आणि पैशांत दोन्ही बाबतींत सरस ठरते. माझ्या पुण्याच्या घरी मी हेच वापरतो. गावात फाइव्हजी नाही, तिथे डबा.

दिवसाच्या मर्यादेत काय बसते याचा हिशेब प्रत्येकाने एकदा करावा. झूमच्या स्वतःच्या सूचनेनुसार ७२०पी दर्जाच्या गटबैठकीला दोन्ही दिशांना मिळून सुमारे ४.४ मेगाबिट प्रति सेकंद लागतात. तासाला ते जवळजवळ २ जीबी होते. म्हणजे दिवसाचा पॅक एका बैठकीत संपतो. कॅमेऱ्याचा एचडी पर्याय बंद केला तर हाच खर्च तासाला पाऊण जीबीच्या आत येतो आणि समोरच्यांना काही फरक जाणवत नाही. मर्यादा संपल्यावर वेग ६४ किलोबिटवर येतो. ऐकायला ती ‘सेवा चालू’च असते, पण त्या वेगाने १०० एमबीची एक फाइल उतरवायला साडेतीन तास लागतील. २० तारखेच्या संध्याकाळी ही वेळ आली तर डेटा व्हाउचर घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

यातला मोठा चोर लॅपटॉप स्वतःच असतो. विंडोजला वायफाय दिसले की ते घरचे ब्रॉडबँड आहे असे समजून पाठीमागे अपडेट आणि वनड्राइव्हच्या फाइली उतरवू लागते आणि तासाभरात दीड जीबी गिळते. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये त्या वायफायच्या नावावर जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू केले की बहुतेक अपडेट थांबतात आणि वनड्राइव्हही विश्रांती घेतो. केबलने टेदरिंग करणाऱ्यांनी हे आवर्जून करावे, कारण तिथे विंडोजला ती जोडणी इथरनेट, म्हणजे तारेचे नेटवर्क, म्हणून दिसते आणि वायफायला लावलेला नियम त्याला लागत नाही. इथरनेटच्या पानावर जाऊन तो वेगळा लावावा लागतो. मॅकवर वायफायच्या तपशिलात ‘लो डेटा मोड’ आहे.

ज्या लॅपटॉपमध्येच सिमकार्ड बसते, अशांबद्दल मी थोडक्यात लिहितो. लेनोवोच्या थिंकपॅड, डेलच्या लॅटिट्यूड आणि एचपीच्या एलिटबुक या मालिकांत ही सोय काही मॉडेलांना असते. जिओनेही २०२३मध्ये १६,४९९ रुपयांना फोरजी असलेले जिओबुक आणले होते. झाकण उघडताच नेट सुरू होणे ही सतत फिरतीवर असणाऱ्यासाठी मोठीच सोय आहे. परंतु रेंजच्या दृष्टीने त्यात डोंगलचाच दोष आहे, यंत्र टेबलावरून हलत नाही. जुना थिंकपॅड विकत घेताना सिमची खाच दिसली म्हणून आत मोडेम आणि अँटेनाच्या तारा असतीलच असे नाही. पुष्कळ मॉडेलांत खाच सर्वांना आणि मोडेम फक्त जादा पैसे देणाऱ्यांना, अशी रचना असते. विक्रेत्याला सिम घालून दाखवायला सांगावे.

एका जागी राहणाऱ्यासाठी एअरफायबरने, म्हणजे फाइव्हजीच्या टॉवरवरून घरी येणाऱ्या ब्रॉडबँडने, हे सारे चित्र बदलले आहे. एअरटेलने ऑगस्ट २०२३मध्ये दिल्ली आणि मुंबईत, तर जिओने १९ सप्टेंबर २०२३ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबई आणि पुण्यासह आठ शहरांत ही सेवा सुरू केली. जिओच्या सेवेत छतावर टॉवरच्या दिशेने एक बाहेरचे यंत्र बसवतात आणि तार घरातल्या राउटरकडे येते. मी वर जे खिडकीतल्या डब्याबद्दल लिहिले तेच येथे योग्य अँटेना लावून, तंत्रज्ञाच्या हातून, कायमचे केले जाते. महिन्याला १००० जीबीची मर्यादा घरच्या वापराला पुरून उरते. जिथे फायबरची तार पोहोचत नाही पण फाइव्हजीचा टॉवर दिसतो, अशा तालुक्याच्या गावी आणि शहराच्या नव्या वस्त्यांत मी याचीच शिफारस करतो. ते पत्त्याशी बांधलेले असते, म्हणून भाड्याने राहणाऱ्याने स्थलांतराच्या अटी आधी विचाराव्यात. घरातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेरून थेट पाहायचे असेल तर मोबाइलच्या जाळ्यावर सहसा इंटरनेटवरचा स्वतंत्र सार्वजनिक पत्ता (आयपी ॲड्रेस) मिळत नाही, तेव्हा क्लाउडवर चालणारे कॅमेरे घ्यावे लागतात.

आणि लाइट. महावितरणची वीज गेली की एअरफायबरचे दोन्ही भाग बंद पडतात. राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला तर काही तास निभावतात, मात्र बाहेरचे यंत्र आणि राउटर दोन्ही त्याच्यावर चालतील इतकी त्याची क्षमता हवी, आणि दोघांना लागणारे व्होल्ट व ॲम्पिअर त्यांच्या अडॅप्टरवर छापलेले असतात ते वाचूनच तो घ्यावा. पॉकेट राउटरला ही चिंता नाही. तरी कोकणात वादळात वीज दिवसभर जाते तेव्हा टॉवरच्याही बॅटऱ्या संपतात आणि मग खिशातल्या कोणत्याच यंत्राचा इलाज चालत नाही. अशा वेळी दुसऱ्या कंपनीचे, दुसऱ्या टॉवरवरचे सिमकार्ड फोनमध्ये असणे हाच उपाय उरतो. एका व्यक्तीच्या नावावर नऊ सिमकार्डांपर्यंत परवानगी आहे, तेव्हा दोन कंपन्यांची दोन ठेवायला अडचण नाही. मात्र ९० दिवस न वापरलेला नंबर बंद होऊ शकतो, म्हणून राखीव सिमकार्डात थोडी शिल्लक ठेवून मधूनमधून एखादा कॉल करावा.

प्रवासासाठी माझा अनुभव कोकण रेल्वेचा आहे. तिथे कोणतेच यंत्र सरस नाही, कारण रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे आणि चिपळूणपुढे बोगदे एकामागून एक येत राहतात. फोन खिडकीच्या बाजूला आणि केबलने लॅपटॉपला जोडलेला, ही मांडणी पुरेशी आहे. वातानुकूलित डब्याच्या काचा सिग्नल बऱ्याच अंशी अडवतात, तेव्हा विवरणपत्रासाठी लागणारी आकडेवारी आधी उतरवून घ्यावी, काम एक्सेलमध्ये करावे, आणि अपलोड रत्नागिरी किंवा कणकवलीच्या स्थानकात गाडी उभी असताना करावे.

तेव्हा कोणी विचारलेच तर मी असे सांगतो. शहरात फाइव्हजी फोन असणाऱ्याने डेटा नेणारी एक चांगली यूएसबी केबल घ्यावी आणि बाकी खर्च टाळावा. गावी महिन्यातून काही दिवस जाणाऱ्याने घरातला सर्वांत चांगला कोपरा डीबीएम पाहून शोधावा, तो टेबलापासून दूर असेल तरच बँड ५ असलेला पॉकेट राउटर घ्यावा. गावी कायम राहणाऱ्याने एअरफायबर मिळते का हे आधी विचारावे. मिळत नसेल तर सिमकार्डाची खाच आणि बाहेरची अँटेना जोडण्याची सोय असलेला घरगुती फोरजी राउटर घ्यावा, आणि अँटेना छतावर नेताना तार शक्य तितकी आखूड ठेवावी, कारण लांब तारेत कमावलेला सिग्नल वाटेतच संपतो.